विशाल छिद्रावरील फोकसचे दोष : निदान आणि उपाय

छायाचित्रणाचा अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला एक अनुभव हमखास येतो. मंद प्रकाशातही चित्र घेता यावे म्हणून तो मोठ्या छिद्राचे भिंग मिळवितो. ते छिद्र पूर्ण उघडून पहिली काही चित्रे घेतो आणि ती मोठी करून पाहिल्यावर त्याची निराशा होते. डोळ्यांऐवजी कान स्पष्ट आलेला असतो किंवा नाकाचा शेंडा रेखीव आणि पापण्या धूसर असतात. तेच भिंग छिद्र लहान करून वापरले असता मात्र चित्र निर्दोष येते. अशा वेळी भिंग सदोष आहे असा निष्कर्ष काढून ते दुरुस्तीला पाठविण्याकडे बहुतेकांचा कल असतो. पुष्कळदा हा निष्कर्ष चुकीचा असतो, काही वेळा तो बरोबरही असतो. या दोहोंतील भेद ओळखता येणे हे या प्रकरणाचे प्रयोजन आहे.

शतांश मिलिमीटरचे जग

बंगळूर शहराच्या पश्चिम भागात राजाजीनगर हे उपनगर आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने वसलेल्या या भागात निवासी वस्तीला लागूनच औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि यंत्रांचे सुटे भाग घडविणारे छोटे कारखाने तेथे वाढले. जवळच, मल्लेश्वरमच्या पश्चिमेस, किर्लोस्कर घराण्याने १९४६ मध्ये स्थापन केलेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना होता. त्या जागेवर आता उंच इमारतींचे संकुल आहे. अशा भागातील एखाद्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या कारागिराचे चित्र घ्यावयाचे आहे, अशी कल्पना करू. छपराच्या काचांतून येणारा उजेड बेताचाच आहे, आणि फ्लॅशचा प्रकाश टाकला तर वातावरणच नाहीसे होईल. छायाचित्रकार ५० मि.मी. केंद्रांतराचे भिंग लावतो, छिद्रांक १.४ वर ठेवतो आणि दोन मीटर अंतरावरून कारागिराच्या डोळ्यांवर फोकस साधतो.

छिद्रांक म्हणजे भिंगाचे केंद्रांतर आणि छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर होय. ५० मि.मी. भिंगाचे छिद्र १.४ या अंकावर सुमारे ३६ मि.मी. रुंद असते, तर ८ या अंकावर केवळ सव्वासहा मि.मी. छिद्र रुंद असले की वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण भिंगामागे मोठ्या कोनाच्या शंकूत एकत्र येतात. हा शंकू जितका बोथट, तितका तो टोकाच्या मागेपुढे झपाट्याने रुंदावतो. म्हणून फिल्म किंवा संवेदक टोकापासून किंचित जरी सरकला तरी बिंदूच्या जागी ठिपका उमटतो.

३५ मि.मी. फिल्मच्या काळात ०.०३ मि.मी. व्यासापर्यंतचा ठिपका डोळ्याला बिंदूसारखाच भासतो असे मानण्याचा प्रघात होता. या मानाने वरील उदाहरणात छिद्रांक ८ असता स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, म्हणजे क्षेत्रखोली, सुमारे ७५ सें.मी. भरते. छिद्रांक १.४ असता ती अवघी १३ सें.मी. उरते. एक मीटरवर आल्यास ती सुमारे ३ सें.मी. होते. आजचे अंकीय चित्र पडद्यावर प्रत्यक्ष बिंदूंच्या आकारापर्यंत मोठे करून पाहिले जाते. तेव्हा ठिपक्याची मर्यादा ०.०१ मि.मी. धरावी लागते, आणि दोन मीटरवरील १३ सें.मी.चे ४ ते ५ सें.मी. होतात. जुन्या भिंगांवर कोरलेल्या क्षेत्रखोलीच्या खुणा आज फसव्या का वाटतात याचे उत्तर येथे आहे. भिंग बिघडलेले नसते, परीक्षा अधिक कठीण झालेली असते.

कॅमेऱ्याच्या आतील बाजूने पाहिले तर ही अंतरे आणखी सूक्ष्म दिसतात. दोन मीटरवर फोकस साधलेल्या या भिंगामागे संवेदकाची जागा ०.०५ मि.मी.ने चुकली, तर समोरील स्पष्टतेचे प्रतल सुमारे साडेसात सें.मी. सरकते. डोळ्यांऐवजी कान स्पष्ट होण्यास एवढे पुरेसे आहे. भिंग बसविण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर निकॉनच्या एफ-कड्यासाठी ४६.५ मि.मी., कॅननच्या ईएफ-कड्यासाठी ४४ मि.मी. आणि लायकाच्या एम-कड्यासाठी २७.८ मि.मी. ठरलेले आहे. ही मापे शतांश मिलिमीटरपर्यंत सांभाळावी लागतात. ज्या कारागिराचे चित्र घेतले जात आहे तोही डायल गेज लावून हीच मापे पाहत असतो. कॅमेरा हेही अशाच अचूकतेवर चालणारे यंत्र आहे, ही गोष्ट छायाचित्रकाराने सतत ध्यानात ठेवावी.

जुनी अडचण

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८४० मध्ये योझेफ पेत्झवाल याने व्हिएन्ना येथे व्यक्तिचित्रांसाठी छिद्रांक सुमारे ३.६ असलेले भिंग सिद्ध केले. त्यामुळे कित्येक मिनिटे निश्चल बसण्याची शिक्षा कमी झाली. परंतु त्या काळच्या अनेक भिंगांत घासलेल्या काचेवर डोळ्याला स्पष्ट दिसणारी प्रतिमा रासायनिक पट्टीवर धूसर उमटे. डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो आणि ती पट्टी निळ्या-जांभळ्या प्रकाशाला. या दोन प्रकाशांचे किरण जर भिंगाने एकाच प्रतलात आणले नाहीत, तर डोळ्याने साधलेला फोकस पट्टीच्या उपयोगी पडत नाही. लंडनमध्ये व्यवसाय करणाऱ्या आंत्वान क्लोदे याने हा फरक मोजण्यासाठी क्रमांक घातलेल्या पाकळ्या वेगवेगळ्या अंतरांवर बसविलेले एक उपकरण बनविले. डोळ्याने एका पाकळीवर फोकस साधावयाचा आणि चित्रात कोणती पाकळी स्पष्ट आली ते पाहावयाचे, अशी ती रीत होती. आज तिरपी मापपट्टी ठेवून केली जाणारी परीक्षा हे त्याच उपकरणाचे सोपे रूप आहे. ज्या साधनाने आपण फोकस साधतो ते आणि ज्याच्यावर चित्र उमटते ते, ही दोन वेगळी असली की त्यांच्यात तफावत पडू शकते, हा क्लोदेच्या काळातील धडा आजही तितकाच खरा आहे.

चलत्‌चित्रणात या प्रश्नाला वेगळे उत्तर सापडले. बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून दोन नामवंत छायालेखक शिकून बाहेर पडले. म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती (१९२३–२०१४) यांनी पुढे मुंबईत गुरुदत्त यांचे ‘प्यासा’ (१९५७) आणि ‘कागज़ के फूल’ (१९५९) हे चित्रपट चित्रित केले. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळविणारे ते पहिले छायालेखक ठरले. त्यांचे साहाय्यक राहिलेले गोविंद निहलानी हेही याच संस्थेचे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या मराठी चित्रपटाचे छायालेखन त्यांचे होते. चित्रपटाच्या या परंपरेत भिंगाचा फोकस सांभाळणारा स्वतंत्र साहाय्यक असतो. तो कॅमेऱ्यावरील फिल्मच्या प्रतलाच्या खुणेपासून नटाच्या डोळ्यापर्यंत फीत धरून अंतर मोजतो, जमिनीवर खुणा करतो आणि नट हलेल त्याप्रमाणे भिंगाचे कडे फिरवितो.

या रीतीचीही सीमा आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मधील काही दृश्ये केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात घेतली. त्यासाठी अमेरिकेच्या अंतराळ संस्थेकरिता झाइस कंपनीने बनविलेले ५० मि.मी. केंद्रांतराचे, ०.७ छिद्रांकाचे भिंग वापरण्यात आले. क्षेत्रखोली इतकी अल्प होती की नटाचे अंतर कळावे म्हणून एक दूरचित्रवाणी कॅमेरा बाजूने काटकोनात लावून त्याच्या पडद्यावर खुणा आखाव्या लागल्या. नटांनाही हालचाल बेतानेच करावी लागली. विशाल छिद्र मिळाले म्हणून अडचण संपत नाही. ती प्रकाशाकडून अंतराकडे वळते.

प्रथम दोष कोणता ते ठरवावे

धूसर चित्र म्हणजे चुकलेला फोकस, असे समीकरण मांडू नये. निदानाची पहिली पायरी चित्र नीट वाचणे ही होय.

चित्रात दुसरे काहीतरी, पुढचे किंवा मागचे, स्पष्ट आले असेल तर फोकस चुकला आहे. काहीच स्पष्ट नसेल आणि प्रत्येक ठिपका एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसत असेल तर कॅमेरा हालला आहे. पार्श्वभूमी स्पष्ट, परंतु कारागिराचा हात तेवढा पुसट असेल तर झडपेचा वेग कमी पडला आहे. हे दोन्ही दोष मंद प्रकाशात, म्हणजे नेमके विशाल छिद्र वापरण्याच्या प्रसंगी उद्भवतात आणि त्यांचा आळ भिंगावर येतो. झडपेचा काल केंद्रांतराच्या व्यस्ताहून अधिक नसावा, म्हणजे ५० मि.मी. भिंगासाठी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत असावा, हा जुना नियम आज अपुरा पडतो. त्याच्या दुप्पट ते चौपट वेग ठेवणे शहाणपणाचे.

रेखा जागच्या जागी आहेत, परंतु प्रत्येकीभोवती मंद तेजोवलय आहे, अशी स्थिती असेल तर ते बहुधा गोलीय विपथन होय. भिंगाच्या कडेतून जाणारे किरण मध्यभागातून जाणाऱ्या किरणांपेक्षा निराळ्या अंतरावर एकत्र येतात, त्याचा हा परिणाम असतो. जुन्या वेगवान भिंगांचा तो स्वभावच आहे, बिघाड नव्हे. मात्र असेच वलय बोटांच्या ठशांनी, आतील काचांवर साचलेल्या धुकटीने आणि बुरशीनेही येते. पावसाळी हवेत, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, बंद कातडी पिशवीत ठेवलेल्या भिंगाला बुरशी लवकर धरते. छिद्र पूर्ण उघडून, मागून बॅटरीचा उजेड टाकून भिंगात तिरपे पाहिले असता तिचे तंतू दिसतात. समोर लावलेली हलक्या प्रतीची संरक्षक काचही लांब केंद्रांतरावर स्पष्टता घालविते, म्हणून परीक्षेपूर्वी ती काढून ठेवावी.

चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येत असेल तर भिंगातील एखादी काच केंद्रापासून ढळली असेल किंवा कडे तिरपे बसले असेल. येथे मात्र तंत्रज्ञाकडे जाणे भाग आहे. मध्य स्पष्ट आणि चारही कोपरे सारखेच धूसर असतील तर बहुधा प्रतिमेचे प्रतल सपाट नसून वक्र आहे. तो आराखड्याचा गुणधर्म असतो.

दोन भोकांचा पुठ्ठा

फोकस म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी सतराव्या शतकात क्रिस्टोफ शायनर याने वर्णिलेला एक प्रयोग घरी करून पाहावा. भिंगाच्या तोंडावर बसेल असा काळा पुठ्ठा घ्यावा आणि त्यास व्यासाच्या दोन टोकांकडे, सुमारे २० मि.मी. अंतरावर, ५ मि.मी.ची दोन भोके पाडावी. कॅमेरा तिपाईवर ठेवून रात्रीच्या वेळी दूरच्या एखाद्या दिव्याकडे रोखावा आणि पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहावी. राजाजीनगरातून उन्नत मार्गाने जाणाऱ्या मेट्रोच्या स्थानकावरील दिवा यासाठी चांगला. फोकस चुकलेला असता एका दिव्याचे दोन दिवे दिसतात. कडे फिरविताना ते जवळ येतात आणि अचूक फोकसवर एकरूप होतात. फोकसच्या अलीकडे असताना एक भोक झाकल्यास ज्या बाजूचा दिवा नाहीसा होतो, पलीकडे गेल्यावर तेच भोक झाकल्यास त्याच्या विरुद्ध बाजूचा होतो.

१९८५ साली बाजारात आलेल्या मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्यापासून एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांत रूढ झालेला स्वयंचलित फोकस याच तत्त्वावर चालतो. अर्धपारदर्शक आरशातून गेलेला प्रकाश लहान दुय्यम आरशाने खाली वळविला जातो. तेथील संवेदक भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमांमधील अंतर मोजतो, आणि त्या अंतरावरून भिंग कोणत्या दिशेने किती फिरवावयाचे हे ठरते. या व्यवस्थेत चुकीला तीन जागा आहेत. पहिली अशी की हा संवेदक आणि चित्राचा संवेदक यांचे मार्ग वेगळे असून त्यांची लांबी तंतोतंत सारखी हवी. आरसा किंचित ढळला की प्रत्येक चित्रात सारखीच चूक येते. दुसरी अशी की हा संवेदक बहुधा छिद्रांक ५.६ किंवा २.८ इतक्याच रुंदीतून पाहतो. १.४ च्या कडेतील किरण त्याला दिसतच नाहीत. गोलीय विपथन असलेल्या भिंगात या दोन किरणसमूहांचे फोकस वेगळे असल्याने कॅमेऱ्याला अंदाजाने दुरुस्ती करावी लागते. तिसरी म्हणजे प्रकाशाचा रंग. पिवळसर दिव्याखाली आणि दिवसाच्या उजेडात त्याच भिंगाचे मोजमाप किंचित वेगळे येऊ शकते. क्लोदेच्या काळातील अडचणच येथे नव्या रूपात पुन्हा भेटते.

व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्याने पाहून फोकस साधणाऱ्यालाही हेच संकट आहे. स्वयंचलित फोकसच्या कॅमेऱ्यांत बसविलेल्या उजळ काचा छिद्रांक २.८ च्या आसपासपेक्षा रुंद किरणशंकू फारसा दाखवीत नाहीत. म्हणून १.४ वर डोळ्याला दिसणारी क्षेत्रखोली प्रत्यक्षाहून अधिक असते. डोळ्याला पटलेले चित्र संवेदकाला पटत नाही.

परीक्षेची रीत

परीक्षा पद्धतशीर केली नाही तर तीच नवी चूक ठरते. कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवावा आणि झडप सेकंद-विलंबाने किंवा तारेने उघडावी. भिंगाच्या केंद्रांतराच्या सुमारे ५० पट अंतरावर, म्हणजे ५० मि.मी. भिंगासाठी अडीच मीटरवर, छापील मजकुराचा सपाट कागद कॅमेऱ्याला समांतर उभा करावा. त्याच्या शेजारी ४५ अंशांत कललेली मापपट्टी अशी ठेवावी की तिचा शून्य कागदाच्याच प्रतलात येईल. फोकस कागदावर साधावा, पट्टीवर नव्हे. कारण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा प्रत्यक्ष मोजणारा भाग मोठा असतो, आणि तिरप्या पट्टीवर तो कोणता आकडा धरील हे सांगता येत नाही.

प्रत्येक चित्रापूर्वी फोकस मुद्दाम बिघडवावा, एकदा जवळ आणि एकदा दूर, व नंतर पुन्हा साधावा. अशी दहा चित्रे घ्यावी. नंतर त्याच जागेवरून, प्रतिमा पडद्यावर मोठी करून, हाताने फोकस साधून आणखी तीन चित्रे घ्यावी. ती तुलनेचे प्रमाण होत.

निकाल वाचताना दोन प्रकार संभवतात. समजा, दहांपैकी नऊ चित्रांत पट्टीवर ३ सें.मी. मागची खूण सर्वांत स्पष्ट आली. पट्टी तिरपी असल्याने प्रत्यक्ष खोलीतील चूक त्याच्या सुमारे सात-दशांश, म्हणजे २ सें.मी. भरते. ही नियमित चूक होय. तिचे कारण यंत्रात आहे आणि तिच्यावर इलाज आहे. परंतु दहा चित्रांत स्पष्टता कधी पुढे, कधी मागे, कधी बरोबर अशी विखुरलेली असेल, तर कोणत्याही दुरुस्तीने ती सुधारणार नाही. तेथे प्रकाश अपुरा आहे, लक्ष्यावर पुरेसा विरोध नाही, किंवा भिंगाची हालचाल सैल झाली आहे. या दोहोंत गल्लत करून विखुरलेल्या चुकीवर कायमची दुरुस्ती लादणे हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे.

नियमित चूक आढळल्यास दुसरे भिंग त्याच कॅमेऱ्यावर आणि शक्य तर तेच भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहावे. सर्व भिंगांत सारखी चूक असेल तर कॅमेरा दोषी, एकाच भिंगात असेल तर ते भिंग किंवा त्या दोघांची जोडी दोषी. २००७ च्या सुमारापासून अनेक परावर्ती कॅमेऱ्यांत प्रत्येक भिंगासाठी सूक्ष्म दुरुस्तीचा आकडा नोंदविण्याची सोय आली. तो आकडा ठरविताना घरातील परीक्षेबरोबरच नेहमीच्या कामाच्या अंतरावर आणि नेहमीच्या प्रकाशातही तपासणी करावी.

शेवटची परीक्षा फोकस सरकण्याची. हाताने एकदाच फोकस साधून, कडे न हलविता, छिद्रांक १.४, २, २.८, ४ आणि ५.६ वर चित्रे घ्यावी. काही भिंगांत छिद्र लहान होताना सर्वाधिक स्पष्टतेची जागा बहुधा मागे सरकत जाते. लुटविख बेर्टेले याने १९३० च्या दशकारंभी झाइससाठी रचलेल्या सोन्नार जातीच्या १.५ छिद्रांकाच्या भिंगाविषयी, आणि त्याच्या अलीकडच्या आवृत्तीविषयीही, हे प्रसिद्ध आहे. अशा भिंगात १.४ किंवा १.५ वर साधलेला फोकस २.८ वर चुकतो आणि ५.६ पासून क्षेत्रखोली ती चूक झाकून टाकते. उपाय सोपा आहे. ज्या छिद्रावर चित्र घ्यावयाचे त्याच छिद्रावर फोकस साधावा.

हाताच्या सवयी

यंत्र निर्दोष ठरले तरी काही चुका उरतात, आणि प्रत्यक्षात त्यांचीच संख्या अधिक असते. मधल्या चौकोनात डोळा धरून फोकस साधावयाचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवावयाची, ही सवय सर्वत्र आहे. ५० मि.मी. भिंगाने दीड मीटरवर फोकस साधून कॅमेरा १५ अंश वळविला, तर स्पष्टतेचे प्रतल डोळ्यांच्या सुमारे ५ सें.मी. मागे जाते. त्या अंतरावर १.४ छिद्रांकाची क्षेत्रखोली फिल्मच्या मानानेसुद्धा मागेपुढे मिळून ७ सें.मी. आहे, म्हणजे एका बाजूस साडेतीन. डोळे धूसर आणि कान स्पष्ट येण्याचे हे एक सामान्य कारण आहे आणि त्यासाठी कोणालाही पैसे मोजावे लागत नाहीत. डोळ्यावर येणारा बाजूचा चौकोन निवडावा, किंवा चौकट आधी जुळवून मग फोकस साधावा.

उभा असलेला माणूस निश्चल नसतो. तो श्वासाबरोबर दोन-तीन सें.मी. पुढेमागे झुलतो आणि कॅमेरा धरणाराही झुलतो. म्हणून फोकस साधणे आणि झडप उघडणे यांत विलंब नसावा, आणि एकाऐवजी लागोपाठ तीन-चार चित्रे घ्यावी. माणसाला भिंतीला किंवा यंत्राला टेकून उभे करणे, छायाचित्रकाराने स्वतः कोपर टेकणे, हे साधे उपाय महागड्या साधनांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

२००८ पासून प्रचारात आलेल्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत चित्राचा संवेदकच फोकस मोजतो. त्यामुळे दोन मार्गांतील तफावत मुळातच नाहीशी झाली आणि नियमित चूक क्वचितच आढळू लागली. हे कॅमेरे डोळा ओळखून त्याच्यावर फोकस धरतात. तरीही चष्म्याची कड, पुढे आलेली बट किंवा दूरचा डोळा ते धरू शकतात. भिंगाचे विपथन, माणसाची हालचाल आणि क्षेत्रखोलीचे गणित यांत तर कोणताच बदल झालेला नाही.

केव्हा उघडावे, केव्हा मिटावे

विवाहातील मांगल्यधारणेचा क्षण घेऊ. बंगळूरच्या कल्याणमंडपात वर वधूच्या गळ्यात मंगळसूत्र बांधतो, अक्षता पडतात, वाद्ये वाजतात आणि काही क्षणांत सारे संपते. हा प्रसंग पुन्हा घडवून घेता येत नाही. वर आणि वधू यांचे चेहरे एकमेकांच्या मागेपुढे असतात, आणि ८५ मि.मी. भिंगाने दीड मीटरवरून १.४ छिद्रांकावर मिळणारी क्षेत्रखोली जेमतेम अडीच सें.मी. असते. तेवढ्यात दोन चेहरे मावत नाहीत, मग भिंग कितीही निर्दोष असो. येथे छिद्रांक ४ वर आणून संवेदनक्षमता वाढविणे आणि चित्रात थोडे कण येऊ देणे हेच योग्य. कण असलेले चित्र कुटुंब जपून ठेवते. डोळे धूसर आलेले चित्र बाजूला पडते. कारखान्यातील एकट्या कारागिराच्या बाबतीत मात्र चेहरा आणि हात एकाच प्रतलात आणता येतात, आणि तेथे विशाल छिद्र आपले काम चोख करते.

सारांश, फोकसचा दोष शोधताना क्रम पाळावा. प्रथम चित्र वाचून तो फोकसचाच दोष आहे याची खात्री करावी. नंतर काच, बुरशी आणि संरक्षक काच पाहावी. मग स्वतःची सवय तपासावी. त्यानंतर तिपाईवर परीक्षा घेऊन चूक नियमित आहे की विखुरलेली हे ठरवावे. भिंग व कॅमेरा आलटूनपालटून दोष कोठे आहे ते निश्चित करावे, आणि अखेरीस गरज उरलीच तर तंत्रज्ञाकडे जावे. जाताना परीक्षेची चित्रे, अंतर, छिद्रांक आणि प्रकाश यांची नोंद बरोबर न्यावी. ‘भिंग बरोबर चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर कोणताही तंत्रज्ञ फारसे करू शकत नाही. ‘अडीच मीटरवर, दिवसाच्या उजेडात, १.४ वर, दहांपैकी नऊ वेळा दोन सें.मी. मागे’ असे सांगितले की त्याचे निम्मे काम झालेले असते.